समोरचा लूज खेळतोय म्हणून लगेच तुटून पडायचं का?

पोकर शिकायला लागलं की पहिल्याच आठवड्यात एक सल्ला कानावर पडतो, ॲग्रेसिव्ह खेळा, नुसतं कॉल करत बसू नका. सल्ला खरा आहे पण अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा कळेपर्यंत बऱ्याच जणांच्या चिप्स संपलेल्या असतात. कारण होतं काय, टेबलवर एखादा लूज माणूस दिसतो, म्हणजे जो कुठल्याही दोन पानांवर पॉटमध्ये (मधे जमलेल्या चिप्सच्या लढतीत) घुसतोय, गुलाम-चौकी, राणी-तिर्री, काहीही, आणि आपल्याला वाटतं याच्याकडे तर काहीच नसतं, एक जोरात बेट टाकली की पळेल. मग आपण टाकतो. तो पळत नाही. परत टाकतो, तरी तो तिथेच, आणि शेवटी तिर्रीच्या जोडीवर आख्खा पॉट घेऊन जातो. आपण म्हणतो काय नशीब आहे याचं. नशीबाचा संबंध नसतो त्यात, आपण चुकीच्या माणसावर चुकीचं हत्यार वापरलेलं असतं.

मी इथे नो-लिमिट होल्डमबद्दलच बोलतोय, म्हणजे प्रत्येकाला दोन पानं आणि मधे पाच. कॉल, रेज, फोल्ड, फ्लॉप-टर्न-रिव्हर एवढं माहिती आहे असं धरून चालतो.

आधी हे बघा की बेट किंवा रेज करून आपल्याला मिळतं काय. दोनच गोष्टी मिळू शकतात. एक, समोरचा पानं टाकतो आणि पॉट तिथल्या तिथे आपला होतो. दोन, समोरचा आपल्यापेक्षा कमकुवत पानांवर चिप्स भरतो. लूज खेळाडूसमोर यातलं पहिलं जवळजवळ आटतं आणि दुसरं भरपूर फुगतं. त्यामुळे लूज माणसासमोर ॲग्रेसिव्ह खेळायचं का याचं उत्तर हो आहे, नेहमीपेक्षा जास्तच खेळायचं, फक्त ते चांगल्या पानांवर आणि मोठ्या बेट टाकून, हवेत गोळ्या झाडत नाही. लोक नेमकं उलटं करतात, ब्लफ मारताना वाघ असतात आणि खरोखर चांगली पानं आली की समोरचा पळेल या भीतीने इवलीशी बेट टाकतात.

ब्लफचं गणित एकदा नीट बघून घ्या, अवघड नाहीये. पॉटमध्ये 100 चिप्स आहेत, तुम्ही 50 ची बेट टाकली. तो पळाला तर तुम्हाला 100 मिळणार, नाही पळाला तर (तुमच्याकडे खरंच काही नाही असं धरू) 50 जाणार. म्हणजे हा ब्लफ नफ्या-तोट्याशिवाय सुटायलासुद्धा तो 3 वेळातून 1 वेळ तरी पळायला हवा. आख्ख्या पॉटएवढी बेट टाकली तर 2 वेळातून 1 वेळ. आता जो माणूस फक्त 20 टक्के वेळा पळतो त्याच्यावर हीच 50 ची बेट दहा वेळा मारा, दोनदा 100-100 मिळाले म्हणजे 200 आले, आठ वेळा 50-50 गेले म्हणजे 400 गेले. दर ब्लफमागे सरासरी 20 चिप्स आपण आपल्या हाताने त्याला देतोय. पालथ्या घड्यावर पाणी. त्याला तुमची गोष्ट ऐकायचीच नाहीये, तुम्ही मोठी बेट टाकून केवढी भारी पानं दाखवताय हे तो बघतच नाही, तो फक्त स्वतःची दोन पानं आणि मधली पानं बघतो आणि काहीतरी जुळलंय ना, मग कॉल.

पण थांबा, सगळे लूज एकसारखे नसतात आणि इथेच खरी मेख आहे. मला विचाराल तर या विषयातलं सगळ्यात उपयोगी वाक्य म्हणजे, कोणाला लूज म्हणायच्या आधी विचारा की तो नक्की कुठे लूज आहे? फ्लॉपच्या आधी, की फ्लॉपच्या नंतर, की दोन्हीकडे?

एक जात अशी असते की फ्लॉप बघायला सगळ्यात आत येते पण फ्लॉपवर काही लागलं नाही की पहिल्याच बेटला पानं टाकते. याला लूज म्हणतात खरं, पण तो फ्लॉपपर्यंतच लूज आहे. आणि न जुळलेली दोन पानं हातात असतील तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरं काही लागायचं प्रमाण साधारण 3 वेळातून 1 एवढंच असतं, म्हणजे हा माणूस तीनातून दोनदा रिकाम्या हाताने बसलेला असतो. याच्यासमोर मात्र फ्लॉपवर एक बेट टाकणं, हातात काही असो नसो, अतिशय फायद्याचं असतं. अर्ध्या पॉटची बेट 3 वेळातून 1 वेळ चालली तरी पुरते आणि इथे ती त्याहून कितीतरी जास्त वेळा चालते. फक्त एकच बेट हां. त्याने कॉल केला म्हणजे त्याला काहीतरी लागलंय, मग तिथे हात आवरायचा.

दुसरी जात म्हणजे कॉलिंग स्टेशन. आत पण येतो आणि आत आल्यावर हलत पण नाही. स्वतःहून रेज क्वचित करतो. वर सांगितलेलं ब्लफचं नुकसान होतं ते याच्यासमोर, आणि चांगल्या पानांवरची सगळ्यात मोठी कमाई होते ती पण याच्याकडूनच.

तिसरी जात म्हणजे मॅनिअॅक, जो कॉल कमी आणि रेज जास्त करतो, प्रत्येक पॉट स्वतःचाच असल्यासारखा. त्याचं वेगळं सांगतो.

आणि ही ओळख वीस डावात होत नाही. कोणी लागोपाठ पाच डावात आत आला तर कदाचित त्याला पाच वेळा चांगली पानं आली असतील. मी टक्केवारी मोजण्यापेक्षा शोडाउन बघतो, म्हणजे शेवटी पानं उघडतात तेव्हा त्याच्याकडे काय निघालं आणि ते घेऊन त्याने कुठली कुठली बेट कॉल केली होती. एखाद्याने मधल्या जोडीवर तीन मोठ्या बेट कॉल केलेल्या एकदा जरी दिसल्या ना, तरी शंभर डावांच्या आकड्यांपेक्षा ते जास्त सांगून जातं. म्हणून आपण फोल्ड केल्यावर मोबाइल बघत बसू नका, आपण पॉटमध्ये नसतो तेव्हाच सगळ्यात निवांत बघता येतं.

आता फ्लॉपच्या आधीचं. लूज लोक बहुतेक वेळा लिंप करून आत येतात, म्हणजे फक्त बिग ब्लाइंडएवढे टाकून (डावाच्या सुरुवातीला दोघांना सक्तीने टाकाव्या लागणाऱ्या रकमा म्हणजे ब्लाइंड, त्यातली मोठी ती बिग). आपल्याकडे एक्का-राणी, एक्का-गुलाम, राजा-राणी, दश्शीची किंवा त्याच्यावरची जोडी असं काही असलं तर इथे रेज करायचाच, आणि दणदणीत करायचा. साधा हिशोब म्हणजे बिग ब्लाइंडच्या तीन-चार पट आणि वर प्रत्येक लिंप करणाऱ्यामागे एक पट, पण समोरचे सात पटीलाही तेवढ्याच आनंदाने कॉल करत असतील तर चारवर का थांबायचं? किंमत वाढवली तरी गिऱ्हाईक जात नसेल तर किंमत वाढवायची. एक्का-राजा विरुद्ध एक्का-अठ्ठी अशी टक्कर झाली तर आपण 70 टक्क्यांच्या वर पुढे असतो, आणि लूज माणूस नेमकी तीच एक्का-अठ्ठी घेऊन आत येतो.

दुसरं कारण म्हणजे गर्दी. एक्क्यांची जोडी, सगळ्यात भारी हात, कुठल्याही पानांच्या एका माणसासमोर साधारण 85 टक्के वेळा जिंकते. दोघांसमोर 73, तिघांसमोर 64, चौघांसमोर 56 आणि पाच जण शेवटपर्यंत थांबले तर 49 च्या आसपास. हे आकडे बघून लोक घाबरतात पण त्यात घाबरण्यासारखं नाहीये, कारण सहा जणांनी 100-100 टाकले तर पॉट 600 चा होतो आणि त्यातला 49 टक्के वाटा म्हणजे 294, तुमचे 100 वजा करा तरी 194 नफा, आणि एकट्याशी लढलात तर 200 मधले 170, नफा 70. म्हणजे एक्के कमी वेळा जिंकतात पण कमावतात जास्त. त्रास एक्क्यांचा नाहीच, त्रास होतो एक्का-गुलामसारख्या हातांचा जे एका जोडीवर अवलंबून असतात. फ्लॉपवर चार जण बसले असतील तर आपल्या एका जोडीचा काय भरवसा, आणि आपल्याला काही लागलंच नाही तर बेट टाकून पळवायचं तरी कोणाकोणाला? प्रत्येक जण तीनातून दोनदा चुकतो असं धरलं तर एक माणूस चुकायची शक्यता 67 टक्के, दोघं एकदम चुकायची 44, तिघं 30, आणि चौघं फक्त 20. म्हणून लूज टेबलवर चार जणांमध्ये रिकाम्या हाताने बेट टाकणं हा निव्वळ तोटा आहे, चेक करा, म्हणजे बेट न टाकता पाळी पुढे द्या, आणि पुढच्या डावाची वाट बघा.

एक डाव सविस्तर सांगतो, म्हणजे चांगल्या पानांवर ॲग्रेसिव्ह याचा अर्थ नेमका कुठपर्यंत जायचं ते कळेल. ब्लाइंड 5 आणि 10, सगळ्यांकडे साधारण 2000 चिप्स. दोघांनी लिंप केलं, त्यातला दुसरा म्हणजे पक्का कॉलिंग स्टेशन. माझ्याकडे चौकटचा एक्का आणि बदामाची राणी, आणि मी शेवटी खेळणार, म्हणजे पोझिशन माझी. मी 70 केले. बाकी सगळे गेले, स्टेशनने कॉल केला, पॉट 165. फ्लॉप आला इस्पिकची राणी, इस्पिकची नव्वी, किलवरची चौकी. त्याने चेक केलं, मी 110 टाकले, त्याने कॉल केला, पॉट 385. टर्नला बदामाची दुर्री, परत चेक, मी 260, परत कॉल, पॉट 905. रिव्हरला चौकटची सत्ती. त्याने चेक केलं.

आता इथे बहुतेक जण काय करतात, हळूच चेक करून पानं उघडतात, कारण मनात येतं की हा तीन वेळा कॉल करतोय म्हणजे याच्याकडे काहीतरी मोठं असणार. पण मोजून बघा ना. मधल्या पाच पानांवर स्ट्रेट (ओळीने पाच पानं) कोणाचा होत नाही, फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) होत नाही. राणी अजून दोनच शिल्लक आहेत (एक माझ्याकडे, एक मधे), म्हणून राजा-राणी 8 प्रकारे येऊ शकते, राणी-गुलाम 8, राणी-दश्शी 8, राणी-अठ्ठी 8, झाले 32. नव्व्या तीन शिल्लक, त्यात एक्का-नव्वी 9 प्रकारे, राजा-नव्वी, गुलाम-नव्वी, दश्शी-नव्वी प्रत्येकी 12, झाले 45. म्हणजे मी ज्यांच्या पुढे आहे असे 77 प्रकार, आणि हा माणूस हे सगळे हात खेळतो आणि यातल्या बऱ्याच हातांवर रिव्हरला पण कॉल करतो. मला हरवणारे कोण? राणी-नव्वी 6, राणी-सत्ती 6, नव्वी-सत्ती 9, आणि नव्वी, सत्ती, चौकी, दुर्रीच्या जोडीवरून तीन एकसारखी झालेली, प्रत्येकी 3 म्हणजे 12. एकूण 33. अगदी राणी-चौकी आणि राणी-दुर्री पण धरा, आणखी 12, तरी 45. नव्वीवाले निम्मे पळाले असं मानलं तरी माझ्या बाजूला पन्नासच्या वर उरतात.

रिव्हरच्या बेटचा नियम हा आहे की आपण बेट टाकल्यावर जेव्हा जेव्हा कॉल येईल त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा आपण पुढे असलो पाहिजे. इथे आहोत. मी 450 टाकले, त्याने पाच सेकंद विचार केला आणि कॉल करून राणी-दश्शी दाखवली. हीच बेट एखाद्या टाइट, म्हणजे निवडक चांगल्या पानांवरच खेळणाऱ्या, माणसासमोर मी टाकली नसती, कारण तो राणी-दश्शी तिथपर्यंत आणतच नाही, फार तर राजा-राणी आणतो आणि बाकी उरतात ती मला हरवणारीच पानं. पानं तीच, फक्त समोरचा माणूस बदलला की बेटचं चेक होतं.

आणि बेटचा आकार. लोकांना याचं महत्त्व लक्षात येत नाही कारण फ्लॉपवर फरक छोटा दिसतो. पण पॉट दरवेळी आधीच्या पॉटवर वाढतो, चक्रवाढ व्याजासारखा. पॉट 10 चा असताना तिन्ही वेळा अर्ध्या पॉटची बेट टाकली आणि कॉल झाली तर 10 चे 20, 20 चे 40, 40 चे 80. तिन्ही वेळा पूर्ण पॉटएवढी टाकली तर 10 चे 30, मग 90, मग 270. कॉल करणारा दोन्ही वेळा कॉलच करणार असेल तर मधले 190 कुठे गेले हे स्वतःला विचारा (त्यातले निम्मे त्याचे असते, ते आपल्याला मिळाले असते). म्हणूनच फ्लॉपवर तीन एकसारखी लागली की लपून बसणं, चेक करून समोरच्याला भुलवणं, हे कॉलिंग स्टेशनसमोर करूच नये असं माझं ठाम मत आहे. त्याला भुलवायची गरजच नसते, तो आधीच कॉल करायला बसलाय, आणि हातातला एक चेक म्हणजे चक्रवाढीचं एक वर्ष वाया गेलं असं समजा. शिवाय अशी पानं फ्लॉपवर लागतात किती वेळा, हातात जोडी असताना साधारण साडेआठ वेळातून एकदा.

ड्रॉचं काय, म्हणजे अजून पूर्ण न झालेल्या फ्लश-स्ट्रेटचं? टाइट माणसासमोर ड्रॉवर रेज करणं छान असतं, तो पळाला तरी जिंकलो, नाही पळाला तरी पान लागू शकतं. पण स्टेशन पळत नाही, म्हणजे त्यातला अर्धा फायदा गेला. फ्लॉपवर फ्लशला एक पान कमी असेल तर पुढच्या पानावर तो व्हायची शक्यता 19 टक्के, आणि रिव्हरपर्यंत दोन्ही पानं मिळाली तर 35. याच्यासमोर ड्रॉ स्वस्तात बघायचा आणि लागला की मग पूर्ण ताकदीने बेट, कारण लागल्यावरही तो कॉल करणार आहे. कमाई तिथे आहे, आधी नाही. मधलं फक्त एकच पान चालणारा स्ट्रेट असेल तर पुढच्या पानाला साडेआठ टक्केच असतात, त्याच्यासाठी मोठी बेट कॉल करणं म्हणजे आपणच स्टेशन झालो.

आता मॅनिअॅक. हा माणूस समोर असला की बऱ्याच जणांचा खेळच बिघडतो, एकतर ते घाबरून एकदम आकसतात नाहीतर त्याला धडा शिकवायला निघतात. एक आकडा लक्षात ठेवा. होल्डममध्ये दोन पानांच्या एकूण 1326 जोड्या होतात. दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाच जोड्या आणि एक्का-राजा, एक्का-राणी हे सगळे मिळून 62 होतात. टाइट माणूस वरच्या 10 टक्के पानांवर रेज करतो, म्हणजे सुमारे 133 प्रकार, त्यात हे 62 म्हणजे जवळजवळ निम्मे. मॅनिअॅक अर्ध्या पानांवर रेज करतो, म्हणजे 663 प्रकार, त्यात तेच 62 म्हणजे फक्त 9 टक्के. रेज दिसायला सारखाच, पण एकाच्या रेजला मान द्यायचा आणि दुसऱ्याच्या रेजवर परत रेज टाकायचा, एक्का-गुलाम, नव्वीची जोडी असल्या पानांवरसुद्धा, म्हणजे बाकीचे बाजूला होतात आणि तो एकटा उरतो.

पण फ्लॉपनंतर मात्र त्याच्यासमोर गिअर बदलायचा. बेट तो स्वतःच टाकतोय, रिकाम्या हाताने टाकतोय, मग त्याला थांबवायचं कशाला? चांगली जोडी असेल तर चेक करा, त्याला टाकू द्या, कॉल करा, परत टाकू द्या. आपण रेज केला तर त्याची फालतू पानं तो टाकून देतो आणि चांगली ठेवतो, म्हणजे आपण त्याचीच मदत केली. स्टेशनसमोर जी गोष्ट चूक ती इथे बरोबर आहे. बसायला जागा मिळत असेल तर मॅनिअॅक आपल्या उजव्या हाताला असलेला बरा, म्हणजे तो आधी खेळतो आणि त्याने काय केलं ते बघून आपण ठरवू शकतो.

हे सगळं बरोबर केलं तरी तुम्ही हरणार आहात, आणि बरेचदा हरणार आहात, हे मनाशी पक्कं करून बसा. 65 टक्क्यांनी पुढे असणं म्हणजे तीनातून एकदा हरणं, आणि लूज टेबलवर पॉट मोठे असल्यामुळे ती हार पण मोठी असते. लागोपाठ तीन वेळा असं झालं की हात शिवशिवायला लागतात, वाटतं आता एक तरी ब्लफ मारून सगळं परत घेऊ. नेमका त्याच क्षणी तुम्ही टेबलवरचे सगळ्यात लूज खेळाडू झालेले असता. अशा वेळी मी दोन-तीन डाव नुसते फोल्ड करतो, पानं न बघता उठून पाणी पिऊन येतो.

राहिला एक प्रसंग, जिथे लूज माणसासमोर एकदम ब्रेक लावायचा असतो. मागे एकदा त्याच कॉलिंग स्टेशनसमोर माझ्याकडे राजांची जोडी होती. फ्लॉप गुलाम, अठ्ठी, तिर्री, सगळी वेगवेगळी. मी बेट, तो कॉल. टर्नला पंजी, मी बेट, तो कॉल. रिव्हरला दश्शी, मी 300 टाकले आणि त्याने थेट 900 केले. आख्ख्या संध्याकाळात त्याने रिव्हरला एकदाही रेज केला नव्हता. जो माणूस चांगल्या पानांवरसुद्धा फक्त कॉल करतो त्याने रेज केला तर त्याचा अर्थ एकच असतो, एक जोडी तिथे काही कामाची नाही, ती राजांची असली तरी. तो लूज आहे हे खरं, पण तो कॉल करण्यात लूज आहे, रेज करण्यात तो टेबलवरचा सगळ्यात टाइट माणूस आहे. मी राजे टाकले. त्याने पानं दाखवली नाहीत, मी विचारलंही नाही. पुढच्या डावात तो परत 10 टाकून आत आला, माझ्याकडे एक्का-गुलाम होते, मी 60 केले आणि त्याने पानांकडे एकदा बघून कॉल केला.